हॉलच्या उंच खिडक्यांचं ऊन : वरूडकडच्या घरातल्या कामाच्या नोंदी

२० फेब्रुवारी

घराची माहिती आधी देतो, म्हणजे पुढचं समजेल. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात संत्र्याच्या वावरातच घर बांधलं, हॉल डबल हाईटचा, सोळा बाय वीस, स्लॅब साडेसतरा फुटांवर. प्लॅन काढणाऱ्यानं वर चार खिडक्या दिल्या. पश्चिमेला दोन, दक्षिणेला एक, आणि पूर्वेला जिन्याच्या डोक्यावर एक. पश्चिमेच्या दोन्ही चार फूट बाय अडीच फूट, खालचा काठ जमिनीपासून बारा फुटांवर. सगळ्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग, एक काचेचा पल्ला सरकवला की मागे मच्छरजाळीचा पल्ला. बाहेर दीड फुटाचा छज्जा.

कागदावर मस्त दिसते हे सगळं. मागच्या उन्हाळ्यात राहायला आलो तेव्हा कळलं की चार वाजले की पश्चिमेचं ऊन वरच्या खिडक्यांतून तिरपं येऊन बरोबर समोरच्या भिंतीच्या पायाशी दिवाणावर पडते, अन् तिथं बाबा झोपलेले असतात. मग ते भिंतीवर चढत जाते, सहा-साडेसहापर्यंत. कूलर फुल्ल चालू अन् हॉल तापलेलाच. बायको म्हणे, "एवढ्या वरतं खिडक्या ठेवाची हौस कोणाले होती?" हौस माझीच होती, पण ते आता सांगून काय फायदा.

छज्जा आहे मग ऊन कसं येते असं बरेच जण विचारतात. एप्रिल-मेमध्ये पाच वाजता सूर्य एवढा खाली येतो की दीड फुटाच्या छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम आठ-नऊ इंच पडते. खिडकी तीस इंचाची. बाकी सगळं उघडं. छज्जा दुपारच्या उन्हाचा अन् पावसाचा उपाय आहे, पश्चिमेच्या उन्हाचा नाही.

बाबांना विचारलं की काय पाहिजे, तर म्हणाले, "मले उजेड पायजे, ऊन नको." एवढंच स्पेसिफिकेशन.

२७ फेब्रुवारी

अमरावतीला दुसऱ्या कामानं गेलो होतो तर पडद्यांच्या दुकानात चौकशी केली. दुकानदारानं पहिल्याच झटक्यात मोटरवाले रोलर ब्लाइंड सांगितले, रिमोटनं वरखाली. बॅटरीची मोटर एकेक साडेअकरा हजार, कापड वेगळं, पश्चिमेच्या दोन अन् दक्षिणेची एक मिळून बेचाळीस हजारांच्या आसपास. चार्जिंग पाच-सहा महिन्यांनी एकदा, टाइप सी केबलनं. मी विचारलं चार्जिंगला केबल वर कोण लावणार, तर म्हणे शिडी घ्यायची साहेब. म्हणजे ज्याच्यासाठी बेचाळीस हजार घालवायचे ते वर चढणं तसंच राहिलं. वायरवाली मोटर असते ती चांगली, पण तिला खिडकीपाशी पॉइंट लागतो अन् आमच्या वायरिंगमध्ये तिथं पॉइंट नाही. तुमचं घर अजून बांधायचं असेल तर प्लास्टरच्या आधी प्रत्येक उंच खिडकीच्या एका कोपऱ्यात एक पाइप टाकून ठेवा, हजार-पाचशेत होते.

मोटरचं माहितीपत्रक मागून घेतलं अन् घरी येऊन नीट वाचलं. बॅटरी ४५ अंशाच्या वर चार्ज करू नये असं लिहिलेलं. लिथियमच्या बहुतेक बॅटऱ्यांना ही अट असते. मे महिन्यात आमच्याकडे बाहेरच ४५ असते.

मेहुणीनं सुचवलं की वरपासून खालपर्यंत लांब पडदा सोडा, टीव्हीतल्या घरांत असतो तसा. हिशेब केला. साधं कापड १८० रुपये मीटर, चार पट्टे साडेपाच मीटरचे, म्हणजे चार हजारांचं नुसतं कापड, वर शिलाई, पाइप, ब्रॅकेट. पैशाचं एक वेळ जमलं असतं. पण इकडे सोयाबीन-तुरीची मळणी सुरू झाली की घरभर जे भुसकट येते ते पडद्यात बसणार, अन् सोळा-सतरा फुटांवरून पडदा काढून धुवून परत लावणार कोण? नाही म्हटलं.

५ मार्च

थर्मामीटर आणला, तीनशे साठ रुपयांचा, लांब वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला. सेन्सर बांबूच्या टोकाला बांधून वर धरला. दुपारी साडेचारला खाली दिवाणापाशी ३१, वर तेरा फुटांवर ३७. हा तर मार्च आहे अजून.

यातून एक गोष्ट डोक्यात आली ती आधी यायला पाहिजे होती. गरम हवा वर जमा होते, अन् तिला बाहेर जायला या पश्चिमेच्या खिडक्यांशिवाय दुसरी वाट नाही. आपला कूलर बाहेरची हवा वाळ्यातून ओढून आत ढकलते, जेवढी आत येते तेवढी बाहेर गेली पाहिजे, नाहीतर खोलीत नुसती उमस होते अन् अंग चिकट. म्हणजे आतून रोलर लावून खिडकी झाकली तर ऊन थांबेल पण कूलरची हवासुद्धा थांबेल. शिवाय आतल्या पडद्यावर पडलेलं ऊन काचेच्या आत आलेलंच असते, कापड तापते अन् ती गरमी हॉलमध्येच राहते.

मग वहीत प्रत्येक खिडकीपुढं तिचं काम लिहिलं. पश्चिम : ऊन बाहेरच अडवणे, हवा चालू ठेवणे. दक्षिण : हिवाळ्यात टीव्हीवर चमक. पूर्व : सकाळी सात ते नऊ ऊन, फार नाही, धूळ जास्त. हे आधी केलं असतं तर अमरावतीच्या दुकानदाराचा अर्धा तास वाचला असता.

१६ मार्च

शेंदुरजना घाटला ओळखीच्या नर्सरीवाल्याकडे शेडनेटचा उरलेला तुकडा पडून होता, कलमांवर लावतात ती हिरवी, ९० टक्क्यांची. फुकट मिळाला. मंडप-डेकोरेशनवाल्याकडची मोठी घोडी, म्हणजे आपल्या पायांवर उभी राहणारी शिडी, आणली, भाडं दोनशे रुपये दिवस, बाहेरून चढून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेनं नेट सरळ ग्रिललाच बांधली. दोन्ही खिडक्या दोन तासांत झाल्या. अंगणातून पाहिलं तर दिसायला भंगार, पण दिवाणावरचं ऊन गायब.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "अंधार केला ना बाप्पा." खरंच झाला होता. ९० टक्के म्हणजे उजेडाचे दहाच टक्के आत. अन् नेट काचेला चिकटल्यासारखी, त्यामुळे वरची हवासुद्धा अडली. वरचं तापमान फक्त दोन अंशानं कमी.

२४ मार्च

अवकाळी आला. गारा नव्हत्या, नशीब, संत्र्याच्या अंबिया बहाराची फळं बोराएवढी झालेली आहेत. पण वारं असं की नेट तारेच्या प्रत्येक गाठीपाशी फाटून गेली, एका बाजूनं सुटलेला तुकडा रात्रभर ग्रिलवर फडफडत होता, कोणाला झोप नाही. सकाळी हातात घेतली तर चुरा होत होती. नर्सरीवाला म्हणाला की चार-पाच उन्हाळे खाल्लेली होती ती, प्लास्टिक उन्हानं कुजते. तेव्हा फुकटची घेऊ नका, घेतलीच तर आधी बोटानं ताणून पाहा, तुटली तर सोडून द्या.

पुढचे काही दिवस घराचं काम बंद. बगिच्यात पाणी सोडणं अन् फवारणी, तिकडेच गेलं सगळं.

६ एप्रिल

फॅब्रिकेशनवाले भाऊ येऊन पाहून गेले. माझं म्हणणं होतं की लोखंडी फ्रेमवर नेट ताणून ती भिंतीपासून थोडी लांब लावायची, म्हणजे मधून हवा वर निघून जाईल. त्यांना पटलं. पण ते म्हणाले, "वादळ आलं का काढाले वर जाल का तुम्ही? त्यापेक्षा खालूनच वरखाली होईल असं करू ना." मला हे सुचलंच नव्हतं. मी सगळा विचार लावायचा करून राहिलो होतो, काढायचा केलाच नव्हता.

ठरलं असं. छज्ज्याच्या खालून जोत्यापर्यंत खिडकीच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंची जीआय पाइप उभे, भिंतीपासून आठ इंच पुढं, क्लॅम्पवर. फ्रेमला चार कड्या वेल्ड करायच्या, त्या पाइपवर सरकतील. वर छज्ज्याला गडगडी (कप्पी), दोर खाली. ओढला की फ्रेम झेंड्यासारखी वर, सोडला की खाली. पश्चिमेच्या भिंतीला खालच्या खिडक्या नाहीत, त्यामुळे फ्रेम खाली आली तरी काही झाकलं जात नाही. तुमच्याकडे खाली खिडकी असेल तर हे तसंच्या तसं जमणार नाही.

पाइप वीस फुटी मिळतो, आमचं माप सतरा फूट, म्हणजे जोड नाही. चार पाइप ४,६००. फ्रेमसाठी पाऊण इंची चौकोनी पाइप, कड्या, क्लॅम्प, प्रायमर, मजुरी धरून ४,२००. गडगड्या अन् दोर ६५०. शेडनेट नवीन, ७५ टक्क्यांची, वरूडच्या कृषी केंद्रातून सुटी कापून, ४८० रुपये.

१८ एप्रिल

काम तयार, घोडी नाही. लग्नसराई. डेकोरेशनवाला म्हणे महिनाअखेरपर्यंत सगळ्या घोड्या मांडवात. सेंट्रिंगवाल्याकडे बल्ल्या होत्या, पायाड (परांची) बांधून देतो म्हणाला, पण एका दिवसाच्या कामाला दोन हजार सांगितले. नाही बांधलं. हा जो वेळ गेला तो गेलाच, अन् तोही ऐन गरमीचा. उंचावरचं काम असेल तर होळीच्या आत उरका, नंतर गावात शिडी, वेल्डर, मिस्तरी कोणीच हाताला लागत नाही.

दरम्यान बाबांचा दिवाण उत्तरेच्या भिंतीकडे सरकवला. शून्य रुपये. हे आधीच करता आलं असतं पण त्यांना जागा बदललेली चालत नाही, चार दिवस कुरकुर झाली.

२ मे

घोडी मिळाली, एका लग्नातून सुटून दुसऱ्याला जायच्या मधल्या दिवशी. सकाळी साडेसहाला सुरू केलं, दहाच्या आत वरचं काम संपवायचं असं ठरवूनच, कारण त्यानंतर लोखंडाला हात लावता येत नाही. छज्ज्यात ड्रिल मारताना सळई लागली, जागा तीन इंच सरकवावी लागली. नऊ वाजता लाइट गेली. फॅब्रिकेशनवाल्या भाऊंकडे बॅटरीची ड्रिल होती पण काँक्रीटमध्ये ती नुसती गरगर फिरते, आत जात नाही. दीड तास बसून चहा.

पाइप उभे झाले, फ्रेम चढवली, दोर ओढला. अर्ध्यावर जाऊन अडकली. दोर फ्रेमच्या मधोमध एकच बांधला होता, फ्रेम थोडी जरी तिरपी झाली की कड्या पाइपला आवळतात. ग्रीस लावून पाहिलं, काही नाही. शेवटी दोन्ही वरच्या कोपऱ्यांना वेगळा दोर, वर दोन गडगड्या, अन् दोन्ही दोर खाली आणून एका कडीत बांधले. आता सरळ जाते, बायको एका हातानं ओढते. गडगडी दुपटीनं लागली, ३२० रुपये जास्त. दुसऱ्या खिडकीला पहिल्यापासून तसंच केलं.

दोर खाली बांधायला भिंतीत हूक, पाच फुटांवर, म्हणजे पोराटोरांचा हात लागत नाही.

७ मे

साडेपाच वाजता पाहतो तर भिंतीवर उन्हाची उभी पट्टी. हॉलमधून खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताकडून येत होती. नेट खिडकीएवढ्याच मापाची केली होती, चार फूट. पण मे-जूनमध्ये सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, चांगला वीस-पंचवीस अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. नेट काचेपासून आठ इंच लांब आहे, त्या फटीतून तिरपं ऊन घुसते.

फ्रेम खाली उतरवून उत्तरेच्या बाजूला अर्धा फूट वाढीव पाइप वेल्ड केला, म्हणजे ती गाईड पाइपच्या बाहेर थोडी निघालेली आहे. नेटचा जोड घरीच शिवला, मासे पकडायच्या जाळीच्या दोऱ्यानं. २५० रुपये. कोणी करत असेल तर पहिल्याच वेळी माप घेताना उत्तरेकडे सहा इंच जास्त धरा. दक्षिणेकडे नाही लागत.

२६ मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, कालपासून लागला. या आठवड्यात आमच्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, खांबाची सावली खांबातच. बाहेर ४५ च्या वर.

साडेचारची नोंद : नेट वर, काचेचे पल्ले सरकवलेले, मच्छरजाळी लावलेली, कूलर चालू. खाली ३२, वर ३९. मागच्या आठवड्यात एकदा मुद्दाम नेट खाली ठेवून पाहिलं होतं तेव्हा खाली ३५, वर ४४ होतं. दिवस वेगळे आहेत त्यामुळे आकड्याला आकडा लावू नका, पण हॉलमध्ये बसल्यावर फरक सांगायला थर्मामीटर लागत नाही. उजेड पुरेसा आहे, पेपर वाचता येते. बाबांनी दिवाण परत जुन्या जागी नेला.

एक प्रयोग अजून केला, पल्ले बंद करून. अर्ध्या तासात खालचं तापमान एकच अंश चढलं पण उमस अशी झाली की सगळे ओट्यावर जाऊन बसले. तेव्हा ज्यांच्याकडे कूलर आहे त्यांनी वरची खिडकी झाकायच्या आधी हवेचा विचार करा. एसीवाल्यांचं उलटं आहे, त्यांना बंदच पाहिजे, त्यांनी माझं ऐकू नये.

पल्ले उघडायला-लावायला पंधरा फुटी बांबू, टोकाला खिळा वाकवून ठोकलेला. सुताराकडून त्याच्यावर रबर चढवून घेतलं, नाहीतर ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात.

९ जून

मृग लागला अन् दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वादळ. ढग पाहून बायकोनं दोन्ही फ्रेमा खाली सोडल्या, खालच्या हूकात अडकवल्या. मी वावरात होतो. काही फाटलं नाही. पण काचेचे पल्ले लावायचे राहिले, पाऊस जाळीतून आत, पुट्टीला फुगे आले. आता क्रम ठरला, आधी बांबू, मग दोर.

एका फ्रेमचा दोर गडगडीपाशी कुरतडलेला दिसला. खार. बगिच्यात खारींची कमी नाही अन् नायलॉनचा दोर त्यांना का आवडतो देव जाणे. वरचा भाग, म्हणजे गडगडीवरून फिरतो तेवढा, ३ मिलिमीटरच्या प्लास्टिक चढवलेल्या स्टील तारेचा केला, खाली हातात येतो तेवढाच दोर. तार अन् क्लिपा ३८० रुपये. यासाठी परत वर चढावं लागलं नाही, जुन्या दोराच्या टोकाला तार बांधून ओढून घेतली. दोर पूर्ण तुटायच्या आत पाहिलं म्हणून हे जमलं.

१२ जुलै

फ्रेमा पावसाळाभर खाली, आता ऑक्टोबरपर्यंत काम नाही. उचलून गोठ्यात ठेवायला गेलो तर एका फ्रेमच्या मागे पाइपच्या उघड्या तोंडात गांधीलमाशीनं घर केलेलं. दोन चावल्या. पाइपची तोंडं बंद करा, प्लास्टिकच्या टोप्या पाच रुपयांना मिळतात. वेल्डरनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गंज वेल्डिंगच्या जागी आलाच आहे, प्रायमरवर रंग मारायचा आळस केला होता.

१९ ऑक्टोबर

पूर्वेची खिडकी. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आहे, खाली पायऱ्या, घोडी सरळ उभीच राहत नाही. इथं सकाळचं दोन तासांचं ऊन, हवेची गरज नाही, म्हणून सन कंट्रोल फिल्म ठरवली, हलक्या रंगाची. गडद घेऊ नका म्हणून काचवाल्यानंच सांगितलं, साधी काच गडद फिल्मनं जास्त तापून तडकू शकते.

फिल्म लावणारा माणूस जिना पाहून म्हणाला पायाड बांधा मग येतो. मग फॅब्रिकेशनवाल्या भाऊंनी सोपं काढलं. स्लायडिंगचा पल्ला वर उचलून खालचा काठ आत ओढला की ट्रॅकमधून निघून येतो. पायऱ्यांवर आडवी फळी टाकून, मागून दोघांनी धरून, दोन्ही पल्ले काढून खाली आणले. खाटेवर चादर अंथरून तिथंच फिल्म लावली. काच ब्लेडनं खरवडायची, कारण बांधकामाच्या वेळचे रंगाचे ठिपके असतातच, मग पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून फवारा, फिल्म सरकवून बसवायची, रबरी पट्टीनं पाणी बाहेर काढायचं. पहिल्या पल्ल्याला धुळीचे फुगे राहिले कारण ओट्यावर बसलो होतो अन् समोर सोयाबीनची मळणी चालू. दुसरा आत खोलीत पंखा बंद करून केला, तो काचेसारखा स्वच्छ. पहिल्याची फिल्म काढून परत. एकूण नऊ चौरस फूट काच, दोनदा घेतलेली धरून फिल्म ८४० रुपये, लावणाऱ्याला ५००.

थोडे दिवस काच धुरकट दिसेल, पाणी सुकेपर्यंत. खराब झाली समजून खरवडू नका.

फिल्म एवढी सोपी होती तर पश्चिमेलाच का नाही लावली असं शेजारच्या काकाजींनी विचारलं. कारण पश्चिमेची खिडकी उन्हाळाभर अर्धी उघडी असते. उघड्या अर्ध्याला फिल्म कुठं लावणार.

१४ डिसेंबर

शेवटची, दक्षिणेची. पाच बाय तीन फूट. हिला आतून रोलर ब्लाइंड घेतला, मोटर नाही, मण्यांच्या साखळीचा, सनस्क्रीन कापड, ज्यातून बाहेरचं धूसर दिसते. १६० रुपये चौरस फूट. खिडकीच्या कोनाड्यात बसवायचा नाही, बाहेरून भिंतीवर लावायचा असं ठरवलं, कारण प्लास्टरचं भोक चौकोनी नाही. बांबूला टेप बांधून दोन्ही कर्ण मोजले तर पाऊण इंचाचा फरक. आत बसवला असता तर एका बाजूनं घासला असता. भिंतीवर लावायचा म्हणजे चारही बाजूंनी तीन इंच जास्त, साडेपाच बाय साडेतीन, ३,१०० रुपये अन् ब्रॅकेट.

मापाच्या कागदावर साखळी लांब पाहिजे असं लिहून दिलं होतं. दुकानातून नेहमीची साखळी आली, तिला खाली दुसरा तुकडा जोडलेला. वर बसवल्यावर कळलं की साखळीचा जोड ब्लाइंडच्या चाकातून जातच नाही. एक जोड असला तर चालते, तो खालीच राहतो. दोन जोड म्हणजे ब्लाइंड मधेच अडकणार, अन् अडकला तो असा की ना वर ना खाली. फोन केला, आधी म्हणाले असं होऊच शकत नाही, मग व्हिडिओ पाठवला. अखंड साखळी पार्सलनं आली, तोपर्यंत अर्ध्यावर लोंबकळत. साखळीचे पैसे घेतले नाहीत पण घोडीचं भाडं दुसऱ्यांदा माझंच. ऑर्डर देतानाच सांगा, जमिनीपासून पाच फुटांवर साखळीचा खालचा टोक पाहिजे, एकच जोड, आणि वर चढवायच्या आधी खाली दोघांनी धरून पूर्ण उघडझाप करून पाहा.

साखळी भिंतीला ताणून धरणारा क्लिप स्क्रूनं बसवला. नुसती लोंबती ठेवू नका, एक तर वाऱ्यानं भिंतीवर टकटक करते, अन् लहान पोराच्या गळ्यात अडकायची भीती असते.

२३ डिसेंबर

दक्षिणेचं ऊन आता किती आत येते ते मोजलं. या दिवसांत आमच्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर ४५ अंशावर, त्यामुळे हिशेब एकदम सोपा. खिडकी जेवढ्या उंचीवर, कवडसा भिंतीपासून तेवढ्याच लांब. बारा फुटांपासून साडेतेरा फुटांपर्यंत पट्टा पडते, वरचा दीड फूट छज्जा खाते. बाबांनी खुर्ची बरोबर त्या पट्ट्यात टाकली आहे अन् पट्टा सरकेल तशी तेही सरकवतात. "हे राहू दे," म्हणे.

त्यामुळे दुपारी ब्लाइंड वरच गुंडाळलेला. खाली येतो तो तीनच्या पुढं तासभर, पोरं शाळेतून येऊन टीव्ही लावतात तेव्हा, कारण तेव्हा चमक टीव्हीच्या पडद्यावर येते. टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर असता तर हे ३,१०० अन् घोडीचं भाडं दोन्ही वाचले असते. बायकोनं तेही विचारलं. टीव्हीची केबल अन् पॉइंट उत्तरेच्या भिंतीत गाडलेला आहे, प्लास्टरच्या आत.